कुंचला शाळेत परतला

गुरुजनहो, पोरांच्या अक्षराची काळजी तुम्हांला असतेच, म्हणून जपानची ही हकिगत सांगतो. तिथे सुलेखनाला ‘शोदो’ म्हणतात. सहाणेवर गंध उगाळावे तशी काजळीच्या शाईची कांडी दगडावर उगाळायची, कुंचला उभा धरायचा आणि रेघ एका दमात ओढायची. पुन्हा गिरवायची सोय नाही. हात कचरला की कागद लगेच चुगली करतो. पाहणाऱ्यानेही कुंचला कुठे टेकला, कुठे दबला, शाई कुठे सरत आली, याचा नजरेने माग काढायचा.

महायुद्धातल्या पराभवानंतर, १९४७ साली, प्राथमिक शाळांतून हा धडा गेला. म्हणे पेन्सिल पुरे! १९५१ साली तो ऐच्छिक म्हणून परतला. तिसरीपासून सक्तीचा व्हायला मात्र १९७१ उजाडले. आता नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी तिथली मुले वर्षातले पहिले अक्षर कुंचल्याने लिहितात.