निजलेल्या रोपांचा प्रवास

आंब्याचे कलम आपण आणतो ते हिरव्या पानांसकट, मुळांभोवतीच्या मातीच्या गड्ड्यासह आणि बहुधा पावसाळ्याच्या तोंडावर. त्यामुळे फळझाडे ऐन थंडीत टपालाने मागविण्याची रीत ऐकून आपल्याला नवल वाटते. पण थंड मुलखातले सफरचंद हिवाळ्यात पाने गाळून निजते. पाने नाहीत, म्हणजे त्यांवाटे पाणी उडून जाणेही नाही. अशा वेळी रोप उपटून मुळांची माती झाडावी, ती ओलसर शेवाळात गुंडाळून वर गोणपाट बांधावे. मग ते आठवडेच्या आठवडे प्रवास सोसते. वाटेत उष्मा लागून अंकुर फुटला, की मात्र त्याची आशा सोडावी.

अमेरिकेतील रोपांचा टपाली व्यापार या निद्रेवरच वाढला. जेम्स स्टार्क १८१६ मध्ये केंटकीहून मिझूरीत गेला, तो सफरचंदाच्या काड्यांची मोळी घेऊन. तेथील लुइझियाना नावाच्या गावी (त्याच नावाचे राज्य निराळे) त्याच्या वंशजांनी रोपवाटिका नावारूपाला आणली. त्यांनी १८९३ मध्ये फळांची स्पर्धा भरविली. आयोवातील जेसी हायट या शेतकऱ्याची लाल, गोड सफरचंदे तीत सरस ठरली. पण पाठविणाऱ्याचे नाव-पत्ताच गहाळ झाला, असे सांगतात! पुढच्या वर्षी तीच फळे पुन्हा आली, तेव्हा कोठे मालकाचा शोध लागला. ‘डेलिशस’ हे नाव त्या जातीला स्टार्क मंडळींनी दिले. पुढे १ जानेवारी १९१३ पासून तेथे पार्सल-टपाल सुरू झाले. तोवर चार पौंडांहून जड पुडके सरकारी टपाल स्वीकारीत नसे.

हिमालयात त्या काळी सफरचंद मुळीच नव्हते असे नाही. कुलूच्या बाजूस इंग्रजांनी बागा लावल्या होत्या. परंतु त्यांतल्या पुष्कळ जाती आंबट, आपल्या जिभेला न मानवणाऱ्या. फिलाडेल्फियाचे सॅम्युएल स्टोक्स १९०४ मध्ये कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी हिंदुस्थानात आले आणि सिमल्यापलीकडे कोटगडच्या डोंगरात स्थायिक झाले. हेच पुढे हिंदू धर्म स्वीकारून सत्यानंद झाले. उतारावरच्या तुकडा-तुकडा शेतांवर कुटुंब पोसणे किती कठीण, हे ते रोज पाहत होते. स्टार्क यांची डेलिशसची रोपे मागवून त्यांनी १९१६ मध्ये ती थानेधारच्या आपल्या बागेत लावली. वेठबिगारीविरुद्ध त्यांनी दिलेल्या लढ्याइतकेच हे कामही मोठे, असे मला वाटते. त्या डोंगरांतली शेती या फळाने पालटून टाकली.

१९२१ मध्ये स्टोक्स राजद्रोहाच्या आरोपावरून तुरुंगात गेले. त्याच वर्षी नाताळची भेट म्हणून त्यांच्या आईने अमेरिकेहून स्टार्क यांचीच, पण पिवळ्या ‘गोल्डन डेलिशस’ची रोपे धाडली. लाल डेलिशसला स्वतःच्या परागाने नीट फळ धरत नाही, जवळ दुसऱ्या जातीचे झाड फुलावे लागते. आणि त्या कामाला ही पिवळी जात उत्तम.