जुन्या मोटारीच्या स्टेअरिंगची पारख

जुनी मोटार विकत घेण्यापूर्वी तिच्या स्टेअरिंगमधील दोष ओळखणे, ते नेमके कुठून येतात हे शोधणे आणि दुरुस्तीने निघतील की नाही हे ठरवणे. तक्रार हाताला जाणवते ती स्टेअरिंगवर. पण तिचे मूळ पुष्कळदा टायरमध्ये, ब्रेकमध्ये, सस्पेन्शनमध्ये किंवा अपघातात वाकलेल्या सांगाड्यात असते. त्यामुळे या तपासणीत गाडीच्या पुढच्या भागाचा बराचसा इतिहास उघड होतो. गिऱ्हाईक इंजिनाचा आवाज आणि रंगाची चकाकी पाहण्यात वेळ घालवते आणि स्टेअरिंग एकदा इकडून तिकडे फिरवून समाधान मानते. वास्तविक इंजिन बिघडले तर गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते. स्टेअरिंगचा सांधा चालत्या गाडीत निखळला तर कडेला घेण्याइतकाही ताबा हाती राहत नाही.

रचना : आजच्या बहुतेक लहान मोटारींत रॅक-पिनियन पद्धतीचे स्टेअरिंग असते. स्टेअरिंगचा दांडा पेडलांजवळ युनिव्हर्सल जॉइंटमधून वळून खाली जातो आणि पिनियन हे छोटे दातेरी चाक फिरवतो. पिनियनमुळे रॅक ही दातेरी पट्टी डावी-उजवीकडे सरकते. रॅकच्या दोन्ही टोकांना टाय रॉड जोडलेले असतात आणि त्यांच्या शेवटी असलेला टाय रॉड एंड हा बॉल जॉइंट चाकाला वळवतो. रॅक आणि टाय रॉड यांच्यामधला सांधा रबरी बुटाने झाकलेला असतो. ॲम्बॅसॅडरला रॅक-पिनियनच होते. प्रीमियर पद्मिनीला वर्म गिअरचा बॉक्स होता. जीपच्या वळणाच्या जुन्या गाड्यांतही बॉक्सच असे. बॉक्सच्या गाडीत सांधे जास्त, म्हणून थोडी अधिक ढिलाई गृहीत धरावी लागते. हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंग विक्रीच्या मोटारीत प्रथम आले ते १९५१च्या क्रायस्लर इम्पीरियलमध्ये. विजेच्या मोटरवर चालणारे स्टेअरिंग १९८८ साली सुझुकीच्या सर्वो या छोट्या गाडीत आले. जुन्या बाजारातली गाडी यांपैकी कोणत्या प्रकारची आहे हे आधी विचारून घ्यावे, कारण दोन्हींचे आजार वेगळे आहेत.

कायद्याची मर्यादा आणि खरी मर्यादा : केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ प्रमाणे स्टेअरिंगमधील ढिलाई, म्हणजे बोलीभाषेत ‘प्ले’, ३० अंशांपेक्षा जास्त असता कामा नये. बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असल्या पाहिजेत आणि बोल्ट किंवा पिना पक्क्या अडकवलेल्या असल्या पाहिजेत, असेही तो नियम सांगतो. स्टेअरिंगचा व्यास ३७ सेंटिमीटर धरला तर ३० अंश म्हणजे कडेवर जवळजवळ १० सेंटिमीटर. रॅक-पिनियनच्या गाडीत एवढा प्ले असेल तर ती चालवणे धोक्याचे आहे. सर्व प्रकारच्या वाहनांना, ट्रक-बसलाही, लागू पडावी अशी ही शेवटची सीमा आहे. खरेदीचा निकष म्हणून ती कामाची नाही. लहान मोटारीत कडेवर २-३ सेंटिमीटरपेक्षा जास्त प्ले आढळला की कारण शोधायला लागावे. ‘आरटीओत पास झालेली आहे’ हे विक्रेत्याचे उत्तर त्यामुळे स्टेअरिंगपुरते अपुरे ठरते.

उभ्या गाडीवरची तपासणी : सर्वांत आधी टायरची हवा मोजावी. हवा जास्त भरली की जड स्टेअरिंगही हलके लागते आणि विकण्याच्या दिवशी ती जास्त भरलेली असण्याचा संभव असतो. हवा कंपनीने दिलेल्या आकड्यावर आणल्याशिवाय पुढचे काहीही पाहण्यात अर्थ नाही.

प्ले पाहताना चाके सरळ ठेवावीत, पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवावे, खिडकीतून एका हाताने स्टेअरिंग अगदी थोडे डावी-उजवीकडे हलवावे आणि डोळा पुढच्या टायरवर ठेवावा. टायर हलायला लागण्यापूर्वी स्टेअरिंग किती फिरते तो प्ले. तो कुठे आहे हे कळण्यासाठी दुसरा माणूस लागतो. एकाने आत बसून स्टेअरिंग असेच हलवत राहावे. दुसऱ्याने चाकाजवळ बसून टाय रॉड एंडच्या सांध्यावर बोटे टेकवावीत. सांधा चांगला असेल तर रॉड आणि नकल (चाक ज्यावर बसते तो भाग) एकजीव हलतात. झिजलेला असेल तर आधी रॉड हलतो, मग नकल, आणि मधला बारीकसा ‘टक्’ कानाला ऐकू येण्यापूर्वी बोटाला लागतो. तसेच पेडलांपाशी वाकून युनिव्हर्सल जॉइंटवर बोट ठेवून पाहावे. कित्येकदा सगळा प्ले तिथेच सापडतो आणि महागडी रॅक बदलण्याची गरज उरत नाही.

रबरी बूट हाताने दाबून पाहणे ही मिनिटभराची तपासणी, पण फार बोलकी. बूट फाटलेला असेल तर पावसाळ्यातला चिखल आणि उन्हाळ्यातली धूळ आत जाऊन रॅक गंजलेली असते. बुटात थोडे ग्रीस असणे स्वाभाविक आहे. मात्र हायड्रॉलिक स्टेअरिंगच्या गाडीत बूट दाबल्यावर आत तेल डचमळले, तर रॅकचे सील गेले आहेत असे समजावे. वरून तेल भरून ही गळती काही आठवडे लपवता येते, म्हणून बॉनेटखाली तेलाची पातळी बरोबर दिसली तरी बूट दाबायला विसरू नये. तेलात फेस दिसला तर यंत्रणेत हवा शिरलेली आहे. तेल काळे पडून जळका वास येत असेल तर पंपाचेही आयुष्य सरत आले आहे. नुकतेच धुऊन चकचकीत केलेले इंजिन गळतीच्या खुणा पुसून टाकते. अशा वेळी गाडी अर्धा तास चालवून पुन्हा खाली पाहावे.

हायड्रॉलिक स्टेअरिंगची आणखी एक सोपी परीक्षा आहे. इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग जरा दाबून धरावे आणि चावी फिरवावी. इंजिन सुरू होताक्षणी स्टेअरिंग हाताखाली सैल झाले पाहिजे. पूर्ण वळवल्यावर पंपाची थोडी घुरघुर चालते, पण त्या स्थितीत स्टेअरिंग चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त ताणून धरू नये, पंपावर फार दाब येतो. विजेच्या स्टेअरिंगमध्ये तेल नसते. तिथे दिवा पाहायचा. चावी ‘ऑन’ केल्यावर स्टेअरिंगचा इशारा देणारा दिवा पेटला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. विझला नाही तर दोष आहे. मुळात पेटलाच नाही तर जास्त सावध व्हावे, कारण दोष लपवण्यासाठी दिवाच निकामी केलेला असू शकतो. स्कॅनर लावणारा मेकॅनिक सोबत असेल तर कंट्रोल युनिटमधले जुने कोड वाचून घ्यावेत.

जॅकवर : पुढचे चाक उचलून खाली पक्का आधार द्यावा, नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. घड्याळातल्या ९ आणि ३च्या जागी टायर धरून हलवला आणि तो खुळखुळला, तर टाय रॉड एंड किंवा रॅकमधला सांधा ढिला आहे. १२ आणि ६च्या जागी हलला तर बॉल जॉइंट किंवा चाकाचे बेअरिंग. या दोहोंतला फरक ओळखण्यासाठी कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर ढिलाई नाहीशी झाली तर बेअरिंग, तशीच राहिली तर बॉल जॉइंट.

रस्त्यावर : चालवून पाहताना टेप आणि एसी बंद ठेवावेत. विक्रेता सहसा गुळगुळीत रस्त्यावर नेतो. त्याला खडबडीत गल्लीतून ताशी २० किलोमीटरच्या वेगाने न्यायला सांगावे. छोट्या खड्ड्यांवर स्टेअरिंगमधून ‘खटखट’ येत असेल तर टाय रॉड एंड, रॅकचे बुश किंवा लिंक रॉड तपासावेत. लिंक रॉड असेल तर काम स्वस्तात होते. उभ्या गाडीत स्टेअरिंग वळवताना पुढची स्प्रिंग ‘टण्’ करून उडी मारल्यासारखी वाजली, तर स्ट्रटच्या (पुढच्या शॉक ॲबसॉर्बरच्या खांबाच्या) वरचे बेअरिंग धरलेले असते. पूर्ण वळणावर गाडी चालताना येणारा ‘कटकट’ आवाज स्टेअरिंगचा नसून ॲक्सलच्या सीव्ही जॉइंटचा असतो.

सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते, ही सर्वांत सामान्य आणि सर्वांत जास्त गैरसमज असलेली तक्रार. आपण डाव्या बाजूने चालतो आणि पाणी निघून जावे म्हणून डांबरी रस्त्याला कडेकडे साधारण २ टक्के उतार दिलेला असतो, त्यामुळे चांगली गाडीही सावकाश डावीकडे सरकते. सपाट जागी किंवा विरुद्ध उताराच्या पट्ट्यात पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. तिथेही ओढत असेल तर पुढचे दोन टायर आपसात बदलावेत (टायर एकाच दिशेने फिरणारे नसतील तर). ओढ दुसऱ्या बाजूला गेली की दोष टायरचा. गेली नाही तर गाडी थांबवून दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात नेऊन उष्णता पाहावी. एक चाक जास्त तापलेले असेल तर तिथला ब्रेक अडकतो आहे. फक्त ब्रेक मारताना ओढत असेल तर ब्रेकचा कॅलिपर किंवा लोअर आर्मचे बुश. हे सगळे निर्दोष निघाले तरच सांगाड्याकडे संशय वळवावा.

थरथर कोणत्या वेगाला येते यावरून तिचे कारण ओळखू येते. ८० ते १००च्या आसपास स्टेअरिंग थरथरते आणि पुढे शांत होते ते बहुधा बॅलन्सिंगमुळे. ब्रेक मारतानाच थरथर आली तर डिस्क वाकडी झाली आहे. २०-३०च्या वेगाला स्टेअरिंग डोलायला लागले तर टायर आतून सुटलेला असतो किंवा रिम वाकलेली असते. असा टायर हायवेवर नेऊ नये. जिप्सीसारख्या अखंड पुढच्या ॲक्सलच्या गाडीत एखाद्या खड्ड्यानंतर चाके जोरजोरात हलत राहिली, तर किंगपिनचे बेअरिंग आणि स्टेअरिंग डँपर पाहावेत.

वळण घेऊन झाल्यावर हात सैल सोडला की स्टेअरिंग आपोआप सरळ आले पाहिजे. येत नसेल तर स्ट्रटचे बेअरिंग किंवा बॉल जॉइंट घट्ट झालेला असतो. दर फेरीत दोन ठिकाणी अडखळत असेल तर युनिव्हर्सल जॉइंट गंजला आहे. एका बाजूने येते आणि दुसऱ्या बाजूने येत नाही, हे मात्र गंभीर लक्षण आहे.

वाकलेली गाडी : दुरुस्तीने न निघणारा दोष हाच. झिजलेला टाय रॉड एंड बदलता येतो, रॅकही नवी बसवता येते आणि तो खर्च किमतीतून वजा करून घेता येतो. पण अपघातात सबफ्रेमची, म्हणजे रॅक आणि सस्पेन्शन ज्यावर बसते त्या चौकटीची, जागा सरकली असेल तर गाडी वर्षानुवर्षे टायर खात राहते. अशी गाडी किती स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, असे स्पष्ट मत येथे नोंदवले पाहिजे. तिचे निदान करण्याची सर्वांत चांगली जागा म्हणजे व्हील अलाइनमेंटचे मशीन. त्याचा कागद म्हणजे गाडीच्या पुढच्या भागाचा एक्स-रेच. विक्रेता ‘अलाइनमेंट करून देतो’ म्हणतो तेव्हा गिऱ्हाईक खूश होते. खरे तर करण्यापूर्वीचे आकडे मागावेत. बहुतेक लहान गाड्यांत फक्त टो (वरून पाहता चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचे माप) सुधारता येतो. कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळते त्याचा पुढे-मागे कल) आणि बहुधा कॅम्बरही (चाकाचा आत-बाहेर कल) कारखान्यात ठरलेले असतात. म्हणून कागदावर टो लाल, म्हणजे मर्यादेबाहेर, दिसला तर घाबरण्याचे कारण नाही. पण डाव्या-उजव्या बाजूच्या कॅस्टरमध्ये एक अंशाच्या आसपास फरक निघाला तर काहीतरी वाकले आहे. स्टेअरिंग सरळ असताना पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना टेपने मोजावे. त्यातही फरक आढळला तर शंकेला जागा राहत नाही. बॉनेट उघडून एप्रनवर (चाकाच्या वरच्या आतल्या पत्र्यावर) पाहावे : कारखान्याचे स्पॉट वेल्ड समान अंतरावरच्या गोल खळग्यांसारखे असतात, गॅरेजचे वेल्ड ओबडधोबड ओघळाचे असतात.

टायरची झीज याच्याशी जुळवून पाहावी. फक्त आतली किंवा बाहेरची कड गेली असेल तर कॅम्बर, एका दिशेला करवतीसारखे दाते लागत असतील तर टो. चारही टायर कोरे करकरीत असतील तर ही साक्ष पुसली गेली आहे. तेव्हा स्टेपनी काढून पाहावी. टायरच्या बाजूवर चार आकडी संख्या असते, उदाहरणार्थ २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. पुढचे टायर एवढ्यात का बदलले, हे विचारण्याचा आधार त्यातून मिळतो.

पुरातली गाडी : जुलै २००५ची मुंबई, ऑगस्ट २०१९चे सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१चे चिपळूण, अशा पुरांत बुडालेल्या गाड्या साफ करून इतर जिल्ह्यांत विकल्या जाऊ शकतात. विजेच्या स्टेअरिंगची मोटर आणि कंट्रोल युनिट पाण्यात गेले तर ते लगेच बंद पडतेच असे नाही. काही महिन्यांनी कनेक्टर हिरवट पडून मध्येच मदत तुटते आणि चालत्या गाडीत स्टेअरिंग एकाएकी जड होते. डॅशबोर्डखाली दांड्यावर आणि युनिव्हर्सल जॉइंटवर गंज, सीटच्या रुळांत वाळलेला गाळ, या खुणा सहसा पुसल्या जात नाहीत. कोकणात आणि गोव्यात समुद्राकाठी वापरलेल्या गाडीत गंज असणारच, पण तिथे तो खालून, सबफ्रेमच्या बोल्टांपाशी जास्त असतो. आतला गंज पाण्याचीच गोष्ट सांगतो.

रिकॉल : सर्व्हिस बुक पाहताना कंपनीने परत बोलावलेल्या गाड्यांची चौकशी करावी. मारुती सुझुकीने जुलै २०२३ मध्ये एस-प्रेसो आणि ईको या मॉडेलच्या ८७,५९९ गाड्या स्टेअरिंगच्या टाय रॉडमधल्या संभाव्य दोषासाठी परत बोलावल्या होत्या. त्या ५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ या काळात बनलेल्या होत्या. मधल्या काळात मालक बदलला की कंपनीचा निरोप जुन्या मालकाच्या फोनवर जातो आणि काम राहून जाते. चासी नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये सांगून ते झाले आहे की नाही हे व्यवहारापूर्वी पाहून घेता येते. राहिलेले असेल तर असा भाग कंपनी विनामूल्य बदलून देते.