कापूसपेठेतले समाईक भिंतीचे घर

यवतमाळ, वणी, दारव्हा, दिग्रस, पुसद या गावांच्या जुन्या बाजारपेठांत घरे भिंतीला भिंत लावून उभी असतात. ही रांग कापसाच्या पैशातून वाढली. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेले. १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवीच्या काळात मँचेस्टरला तिकडचा कापूस मिळेना आणि वऱ्हाडी कापसाचा भाव चढला. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. यवतमाळचा कापूस सुमारे ४६ किलोमीटरवरच्या धामणगाव स्टेशनात बैलबंड्यांनी जाई. पुढे मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंदमापी रेल्वे, म्हणजे पुढची ‘शकुंतला’, दारव्ह्यावरून धावू लागली. वणी जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मुलखाला १९०५ मध्ये यवतमाळचे नाव मिळाले.

बाजाररस्त्यावरची जागा मोलाची, म्हणून घराचे तोंड अरुंद आणि आतला पसारा लांब. रस्त्याला ओटा, त्यामागे दुकान किंवा बैठक, मग माजघर, उजेडासाठी चौक, स्वयंपाकघर आणि शेवटी परसदार. दोन्ही बाजूंना खिडकी काढायला जागा नसल्याने चौक बुजवला की मधल्या खोल्या अंधाऱ्या होतात. अशा घराचा चौक म्हणजे त्याचा जीव. तो झाकून खोली वाढवण्याचा मोह फार महागात पडतो.

घराचे माप खणात सांगतात. खण म्हणजे दोन खांबांमधले अंतर. जिल्ह्यातल्या जंगलात साग मुबलक, त्यामुळे खांब, तुळया, चौकटी सागवानी. छपराचा भार मुख्यतः खांबांवर असतो. मातीची जाड भिंत आडोसा देते. वर मातीचे धाबे किंवा कवेलू (कौले), नंतर टिन आले. समाईक भिंतीत मात्र काही ठिकाणी दोन्ही घरांच्या तुळयांची टोके रुतलेली असतात. शेजाऱ्याने आपले घर पाडले की आजवर झाकलेली मातीची बाजू उघडी पडते आणि पावसात धुपते. तुळईचे टोकही भिजून कुजू लागते.

म्हणून असे घर विकत घेताना खरेदीखतातील चतुःसीमा नीट वाचावी लागते. पूर्वेस कोणाचे घर, पश्चिमेस कोणाचे, एवढ्यावर भागत नाही. भिंत समाईक की स्वतंत्र, हे स्पष्ट लिहिलेले हवे. जागा नझूलची, म्हणजे सरकारी मालकीची असेल तर पट्ट्याची मुदत आणि अटी तपासाव्या लागतात. इसार देण्यापूर्वी भिंतीतली ओल आणि तुळयांची टोके पाहून घेणे शहाणपणाचे.

भावांच्या वाटणीत घर बहुधा लांबीने चिरले जाते, कारण रस्त्यावरचे तोंड प्रत्येकालाच हवे असते. मग चौकाच्या मधोमध भिंत येते आणि तीही समाईक ठरते. विक्रीला निघालेल्या कित्येक घरांची किंमत रस्त्यावरच्या जागेवरच ठरते. सागवानाला वेगळे गिऱ्हाईक मिळते.