पाय सोडवण्याची विद्या : क्लिपलेस पेडलचा इतिहास

(१)
२१ जुलै १९८५. टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत पॅरिसमध्ये संपली आणि बेर्नार इनो या फ्रेंच सायकलपटूने ती पाचव्यांदा जिंकली. सेंट एत्येन येथील अंतिम रेषेजवळ पडून त्याचे नाक मोडले होते, तरी अग्रस्थान त्याने सोडले नाही. जाक आंक्तील आणि एडी मर्क्स यांच्या पाच विजयांशी त्याने बरोबरी साधली. मात्र यंत्रांच्या इतिहासात हा विजय आणखी एका कारणासाठी नोंदला गेला. त्याच्या पेडलांवर चामडी पट्टे नव्हते.

(२)
जवळजवळ शतकभर शर्यतीचा सायकलस्वार आपला पाय पेडलला पट्ट्याने बांधत आला होता. इनोच्या बुटाखाली मात्र प्लास्टिकची एक त्रिकोणी पट्टी होती. ती पेडलमधल्या स्प्रिंगच्या खटक्यात ‘टक्’ करून बसे आणि टाच बाहेर वळवली की सुटे. या पेडलला ‘क्लिपलेस’ म्हणतात, म्हणजे क्लिप नसलेले. पाय तर त्यात घट्ट अडकतो. मग हे उलटे नाव कसे पडले? त्याचे उत्तर जुन्या पेडलमध्ये आहे.

(३)
प्रथम प्रश्न असा, की पाय बांधायचाच कशाला? १८६०च्या दशकात पॅरिसमध्ये पेडलवाली सायकल लोकप्रिय झाली, तेव्हा पेडल थेट पुढच्या चाकाला जोडलेले असे. १८८५मध्ये इंग्लंडात जॉन केम्प स्टार्लीची ‘रोव्हर’ आली आणि साखळीने मागचे चाक फिरवणारी आजच्या रूपाची सायकल रुळली. तरीही चाक फिरते तोवर पेडल फिरतच राही, कारण मोकळे फिरणारे फ्रीव्हील अद्याप सर्रास आले नव्हते. उतारावर वेग वाढला की पाय पेडलवरून निसटत आणि भिरभिरणारे पेडल नडगीवर आदळे.

(४)
यावर उपाय निघाला तो टो-क्लिपचा. हा पोलादी पट्टीचा एक पिंजरा. तो पेडलच्या पुढच्या टोकाला जोडायचा, चवडा त्यात सरकवायचा आणि वरून चामड्याचा पट्टा आवळायचा. पुढे हा पिंजरा शर्यतीच्या सायकलची ओळखच बनला. १९१९मध्ये टूरमधील पहिली पिवळी जर्सी घालणारा युजेन क्रिस्तोफ याचे नाव अनेक दशके अशा क्लिपांवर छापले जाई. पट्ट्यांवर इटलीच्या आल्फ्रेदो बिंदाचे नाव असे. ‘क्लिपलेस’ या शब्दातली क्लिप ती हीच. नवे पेडल तिच्याविना चालते, म्हणून ते क्लिपलेस.

(५)
बुटांचीही एक विद्या होती. तळ चामड्याचा. नवे बूट आणले की स्वार आधी काही किलोमीटर तसाच सायकल चालवी. पेडलच्या कडेचा ठसा तळावर उमटे. मग त्या ठशावर बरोबर माप धरून खाच असलेली धातूची पट्टी, म्हणजे क्लीट, खिळ्यांनी ठोकली जाई. ती खाच पेडलच्या मागच्या कडेवर बसे. ठोकताना थोडी तिरकी बसली, तर तिची किंमत गुडघा पुढे शेकडो किलोमीटर मोजत राही.

(६)
क्लीट खाचेत, चवडा पिंजऱ्यात आणि वर आवळलेला पट्टा, अशी ही तिहेरी पकड होती. अंतिम रेषा जवळ आली की स्वार धावत्या सायकलवर खाली वाकून पट्टा आणखी घट्ट करी. पायांची बोटे बधिर होत. थांबण्यापूर्वी पुन्हा वाकायचे, बकल बोटाने ढिले करायचे, टाच उचलून पाय मागे ओढायचा. सवयीच्या स्वाराला हे क्षणात जमे. परंतु ज्या क्षणी सुटका सर्वाधिक हवी असते, त्या पडण्याच्या क्षणी हात मोकळा नसतो. मग स्वार सायकलसकट आडवा होई.

(७)
म्हणजे पाय अडकवण्याचा प्रश्न एकोणिसाव्या शतकातच सुटला होता. उरला होता तो सोडवण्याचा. त्याचे उत्तरही अगदी लवकर सुचले होते. १८९५मध्ये अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्याच्या पीस डेल गावच्या चार्ल्स हॅन्सन याने पाय वळवून अडकणारे आणि वळवूनच सुटणारे पेडल शोधले. त्यात पायाला किंचित हलण्याची मोकळीकही होती. आजच्या पेडलची सगळी मूलतत्त्वे त्यात होती. तरीही ते चालले नाही आणि सायकलविश्व पट्ट्यांकडेच राहिले.

(८)
पुढचा महत्त्वाचा प्रयत्न इटलीतला. माजी शर्यतपटू आणि सायकल-उद्योजक चिनो चिनेल्ली याच्या कंपनीने १९७०च्या दशकाच्या आरंभी ‘एम-७१’ नावाचे पेडल काढले. बुटाखालची प्लास्टिकची क्लीट पेडलच्या खाचांत सरकवायची आणि एका लहानशा दांडीने कुलूपबंद करायची. पट्टा गेला, पिंजराही गेला. मात्र सुटण्यासाठी हात खाली नेऊन ती दांडी ओढणे आलेच. म्हणजे मूळ अडचण जागच्या जागी राहिली. इंग्रजी भाषक सायकलस्वारांनी या क्लीटला ‘मृत्यूची क्लीट’ असे नाव ठेवले. लोक यंत्राला टोपणनाव देतात, तेव्हा त्याची समीक्षा होऊन गेलेली असते.

(९)
खरे उत्तर बर्फावरून आले. स्कीइंगमध्येही नेमका हाच पेच होता. स्कीची लांब फळी बुटाला पक्की बांधलेली असे. पडताना फळी वळे, पाय तिच्याबरोबर पिळला जाई आणि हाड मोडे. विसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समधील ज्याँ बेल याने स्प्रिंगवर चालणारी सुटती पकड बनवली. ताण ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की पकड आपोआप बूट सोडून देई. नव्हेर शहरातील त्याच्या कंपनीचे नाव होते ‘लुक’. १९५०च्या सुमारास आलेल्या तिच्या ‘नेवाडा’ पकडीने मोठे नाव मिळवले.

(१०)
लुकने हीच कल्पना पेडलवर आणली आणि १९८४मध्ये ते बाजारात आले. त्याची रचना अशी: पेडलची मागची बाजू जड, म्हणून ते पुढचे टोक वर करून लोंबते. क्लीटचे नाक त्या टोकात घालायचे आणि वजन खाली दाबायचे. मागचा स्प्रिंगचा खटका मागे सरकतो, क्लीटला वाट देतो आणि परत बंद होतो. सरळ वर ओढले तर पाय सुटत नाही. टाच बाहेरच्या दिशेने वळवली की क्लीटची कड खटक्याला मागे रेटते आणि पाय मोकळा होतो. हात हँडलवरच राहतात.

(११)
हे पेडल आधी आपलेसे केले ते ट्रायथलॉनपटूंनी. पोहून बाहेर आल्यावर सायकलवर बसताना आणि उतरून धावताना प्रत्येक सेकंद वाचवायचा असल्याने पट्ट्यांची कटकट त्यांना सर्वात जास्त जाचे. शर्यतीचे सायकलपटू मात्र परंपरेला धरून होते. त्यांचे मन वळवायला विजेता हवा होता.

(१२)
तो मिळाला एका उद्योगपतीमुळे. बेर्नार तापी याने लुक कंपनी विकत घेतली होती आणि १९८४मध्ये ‘ला व्ही क्लेअर’ हा संघ उभा केला. त्याचा नायक होता इनो. १९८०च्या टूरमधून पिवळी जर्सी अंगावर असतानाच गुडघ्याच्या दुखण्याने त्याला माघार घ्यावी लागली होती. १९८३मध्ये गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली होती. असा खेळाडू पायाखालचे शतकाचे यंत्र बदलतो, ही गोष्ट लहान नव्हती. १९८५मध्ये तो जिंकला, १९८६मध्ये त्याच संघाचा अमेरिकन ग्रेग लेमाँड जिंकला आणि वाद बहुतांशी मिटला.

(१३)
बहुतांशी, कारण सर्वांनी लगेच मान डोलावली नाही. आयर्लंडचा महान सायकलपटू शॉन केली इतरांनी नवी पेडले स्वीकारल्यावरही बराच काळ पट्ट्यांनाच चिकटून राहिला. यात केवळ हट्ट नव्हता. वर्षानुवर्षे ज्या पायाने ‘टाच उचल, मागे ओढ’ हा धडा घोटला आहे, त्याला आता ‘मागे ओढू नकोस, टाच वळव’ असे शिकवायचे होते. पेडल बदलायला काही मिनिटे लागतात. शरीराची सवय तितक्या वेळात बदलत नाही.

(१४)
स्की आणि सायकल यांतला मोठा फरक इथेच आहे. स्कीची पकड स्वाराने काही न करता सुटते. अपघाताचा पिळच तिला उघडतो. जोरात पडताना पेडलची पकडही पुष्कळदा अशीच सुटते. पण सिग्नलला सायकल हळूच थांबते, तेव्हा पिळ कुठला? तिथे टाच जाणीवपूर्वक वळवावी लागते. लुकने सुटकेचे यंत्र दिले. सुटण्याची विद्या मात्र ज्याची त्याने शिकायची.

(१५)
म्हणूनच या पेडलवरचे पहिले पडणे जवळजवळ नेहमी शून्य वेगात होते. धावती सायकल तोल सावरते, कारण ती ज्या बाजूला कलते त्या बाजूला पुढचे चाक वळून आधार खाली आणता येतो. सायकल थांबली की हा उपाय संपतो. उरतो फक्त जमिनीवर टेकणारा पाय. नवशिक्या घाईत पाय सरळ वर उपटू पाहतो, खटका सोडत नाही आणि स्वार सायकलसह सावकाश एका अंगाला कोसळतो. दुखापत सहसा कोपराला आणि अभिमानाला होते. पण भोवती वाहने असतील, तर तेच पडणे जिवावर बेतू शकते.

(१६)
शिकवण्याची रीतही त्यावरूनच ठरली. स्प्रिंगचा ताण स्क्रूने अगदी सैल करायचा. सायकल भिंतीला टेकवायची आणि एकाच पायाने अडकवणे-सोडवणे पन्नास वेळा करायचे. मग दुसऱ्या पायाने. नंतर हिरवळीवर फेऱ्या. थांबायचे असेल तर वेग संपण्यापूर्वी पाय सोडवायचा, पेडल तळाला असताना टाच वळवायची आणि सुटलेल्या पायाच्याच बाजूला किंचित कलायचे. डावा पाय सोडवून उजवीकडे तोल जाणे ही या विद्येतली सर्वात जुनी चूक. सोडवण्याचा पाय नेहमी एकच ठेवला, तर ती टळते.

(१७)
यंत्रानेही पुढे माणसाकडून धडे घेतले. आरंभीची क्लीट पायाला एकाच कोनात जखडून ठेवी. पण प्रत्येकाची पावले थोडी निराळी वळलेली असतात आणि पेडल मारताना गुडघा अगदी सरळ रेषेत फिरत नाही. कोन चुकला तर गुडघे दुखू लागत. १९८७मध्ये स्थापन झालेल्या ‘टाइम’ या फ्रेंच कंपनीने टाचेला काही अंश मोकळे हलू देणाऱ्या पेडलांवर भर दिला. लुकनेही तशा क्लीट आणल्या. हॅन्सनला १८९५मध्ये सुचलेली मोकळीक अशी नव्वद वर्षांनी परत आली.

(१८)
दुसरा धडा चालण्याचा. लुकची मोठी क्लीट बुटाबाहेर येते. ती घालून फरशीवर चालणे म्हणजे बदकाची चाल. १९९०मध्ये जपानच्या शिमानोने ‘एसपीडी’ पद्धत आणली. दोन स्क्रूंची लहान धातूची क्लीट बुटाच्या तळातच खोल बसवली आणि पेडल दोन्ही बाजूंनी अडकेल असे केले. डोंगरात सायकल खांद्यावर घेऊन चालावे लागणाऱ्यांसाठी ती सोय होती. नवशिक्यांना आणि दूरच्या प्रवाशांनाही ती मानवली.

(१९)
एक समज मात्र या पेडलबरोबर फार पसरला: पाय अडकला म्हणजे वर येणारा पायही पेडल ओढून तितकीच शक्ती देतो. प्रयोगशाळेत पेडलवरचा जोर मोजला, तेव्हा दिसले की निष्णात स्वारांचाही बहुतेक जोर पाय खाली दाबतानाच लागतो. क्लीटचा खरा लाभ निराळा आहे. चवडा प्रत्येक वेळी एकाच जागी राहतो, खडबडीत रस्त्यावर वा वेगात निसटत नाही आणि उभे राहून जोर लावताना भरवसा असतो.

(२०)
आज पुणे, मुंबई, नाशिक येथील दोनशे-तीनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेंना निघणाऱ्या अनेकांच्या बुटांखाली हीच क्लीट असते. महाराष्ट्रात कित्येक पिढ्या मोठ्या सायकलच्या त्रिकोणातून पाय घालून ‘कैची’ शिकल्या. ती विद्या पाय पेडलपर्यंत पोहोचवण्याची होती. ही पाय तिथून परत आणण्याची आहे. टो-क्लिपने पाय बांधला, चिनेल्लीने कुलूप लावले. पण जग बदलले ते खटका उघडणाऱ्या पेडलाने. धरून ठेवणाऱ्या कोणत्याही यंत्राची परीक्षा ते सोडते कसे यावर होते, आणि ती परीक्षा आजही प्रत्येक नवा स्वार पहिल्या सिग्नलवर स्वतःच देतो.