वाईट रेटिंगनंतरचा राजीनामा: एका सौद्याची फोड

नोकरी दोन प्रकारे सुटते. आपण सोडतो, नाहीतर मालक काढतो. कागदावर एवढे दोनच रकाने असतात. सलग वाईट रेटिंग मिळालेल्या माणसाचा राजीनामा पहिल्या रकान्यात नोंदला जातो, पण त्याची कारणे बहुधा दुसऱ्या रकान्यातली असतात. अशा राजीनाम्याकडे स्वाभिमानाचा किंवा मनःस्थितीचा प्रश्न म्हणून पाहायची आपल्याकडे सवय आहे. माझ्या मते तो आधी एक सौदा आहे. त्यात कंपनीला काय मिळते आणि कर्मचाऱ्याला काय मिळते, हे दोन्ही मोजता येते. मोजतो मात्र एकच पक्ष.

आधी रेटिंगकडे पाहू, कारण वाईट रेटिंग सगळीकडे एकाच जातीचे नसते. कधी काम खरेच कमी पडलेले असते. कधी वाटणीच्या नियमामुळे कोणाला तरी तळाशी बसवावे लागते. आणि कधी माणसाला काढायचे आधी ठरते, कागद मागाहून तयार होतो. यांतला दुसरा प्रकार ‘बेल कर्व्ह’चा. जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॅक वेल्च यांनी वरचे २०, मधले ७० आणि खालचे १० टक्के अशी विभागणी रूढ केली. मायक्रोसॉफ्टने आपल्याकडची सक्तीची क्रमवारी २०१३ मध्ये सोडून दिली. हजारो माणसांच्या समूहाला कदाचित लागू पडणारा वक्र दहा जणांच्या टीमवर बसवला की मोजमाप संपते आणि वाटप सुरू होते. दहाही जण उत्तम असले तरी एकाच्या वाट्याला तळ येणारच.

म्हणून एका वर्षाच्या वाईट रेटिंगमधून फारसे काही कळत नाही. समजा, तळाचा दहावा भाग निव्वळ चिठ्ठ्या टाकून निवडला, तर आपले नाव त्यात येण्याची शक्यता दहात एक आणि सलग दोन वर्षे येण्याची शंभरात एक. दोन वर्षांचा निकाल वजनदार ठरतो तो यामुळे. पण त्याला एक अट आहे: दोन्ही निकाल एकमेकांपासून स्वतंत्र हवेत. एकाच मॅनेजरने लागोपाठ दोनदा दिलेले रेटिंग हे बरेचदा एकच मत असते, दोनदा छापलेले. वेगळ्या प्रोजेक्टमधल्या, वेगळ्या मॅनेजरांनी तेच म्हटले असेल तर मात्र कान द्यावा. तिथे काम आणि माणूस यांचा मेळ बसत नसण्याची शक्यता मोठी असते, आणि जाणे हाच शहाणपणाचा निर्णय असू शकतो.

तिसरा प्रकार ओळखण्याची जागा म्हणजे सुधारणेसाठी हाती ठेवलेला पीआयपीचा कागद. ‘अमुक मॉड्यूल या तारखेपर्यंत, इतक्याच चुकांत’ असे त्यात लिहिले असेल तर सुधारायला वाव आहे. ‘ओनरशिप वाढवा’, ‘प्रोॲक्टिव्ह व्हा’ असे असेल तर ते पूर्ण झाले की नाही हे ठरवणारा माणूस तोच, ज्याने ते लिहिले. बेंचवर, म्हणजे हाती कोणताही प्रोजेक्ट नसताना, बसवलेल्या माणसाला पीआयपी दिला असेल तर आणखी पुरावा शोधायची गरज नाही.

अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० च्या आपल्या पुस्तकात असमाधानी माणसापुढचे दोन मार्ग मांडले: निघून जाणे किंवा आवाज उठवणे. यांतला कोणता निवडला जाईल यावर निष्ठेचाही प्रभाव पडतो, असे ते सांगतात. या मांडणीत मी एक भर घालेन. वाईट रेटिंग आवाजाची पतच घालवते. हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीत चार वर्षे चांगले रेटिंग मिळवलेल्याने तक्रार केली तर ती सूचना ठरते; तळाच्या रेटिंगवाल्याने तीच तक्रार केली तर ती सबब ठरते. त्यामुळे निघून जाण्याचा एकच मार्ग उरल्यासारखा वाटतो आणि माणूस घाईने पेपर टाकतो. सौद्यात घाई असलेल्याचे नुकसान ठरलेलेच.

जुलै २०१७ मध्ये टेक महिंद्रच्या एचआर विभागाचे एका कर्मचाऱ्याशी झालेले संभाषण सर्वत्र पसरले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत राजीनामा द्या, नाहीतर काढले जाईल, असा त्याचा आशय होता. आनंद महिंद्र यांनी जाहीर माफी मागितली. तेव्हा चर्चा झाली ती माणुसकीची. मला त्यातला हिशेब अधिक बोलका वाटतो. काढून टाकण्याचा अधिकार ज्याच्या हातात आहे, तो राजीनाम्यासाठी एवढा अडून का बसतो?

कारण कपातीला किंमत पडते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही, किमान वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराची कपात करायची तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढे वेतन, शिवाय सेवेच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन भरपाई म्हणून द्यावे लागते. स्वतःहून नोकरी सोडणारा या तरतुदीत बसत नाही. ‘कामगार’ कोण हे पदनामावरून ठरत नाही, प्रत्यक्ष कामावरून ठरते, आणि व्याख्येत तांत्रिक कामाचाही समावेश आहे. त्यामुळे व्हिजिटिंग कार्डावर ‘लीड’ छापलेला प्रत्येक जण आपोआप व्यवस्थापक होत नाही. भरपाईहूनही मोठी गोष्ट म्हणजे सिद्ध करण्याचे ओझे. काढले तर कारण कंपनीला दाखवावे लागते. राजीनामा दिला तर जबरदस्ती झाली हे कर्मचाऱ्याने दाखवायचे, आणि पत्रात तर त्याने स्वतःच्या हाताने ‘वैयक्तिक कारणास्तव’ लिहिलेले असते.

कर्मचाऱ्याच्या पदरातही काही पडते, हे नाकारण्यात अर्थ नाही. स्वच्छ रिलिव्हिंग लेटर, अनुभवाचे पत्र, पुढच्या कंपनीच्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनला जाणारे बिनडाग उत्तर. आयटीत याची किंमत बरेचदा पंधरा दिवसांच्या हिशेबापेक्षा जास्त निघते. तेव्हा राजीनामा देणे चूक नाही. तो काहीही न मागता देणे चूक आहे. पूर्ण नोटीस पिरियडचा पगार, पत्रांतला मजकूर, शेवटच्या दिवसाची तारीख, राहिलेला व्हेरिएबल पे ही सगळी सही करण्यापूर्वी ईमेलवर मागून घेण्याची यादी आहे. सही झाल्यावर त्यातले बहुतेक विनंतीच्या पातळीवर येते.

तारखेचा प्रश्न तर थेट पैशांचा आहे. ग्रॅच्युइटीला साधारणपणे पाच वर्षांची सलग सेवा लागते. महिना ४०,००० रुपये पात्र वेतनावर सहा वर्षे काढलेल्याची ग्रॅच्युइटी सुमारे १,३८,००० होते: वेतनाला २६ ने भागायचे, पंधराने आणि वर्षांनी गुणायचे. ती राजीनाम्यानंतरही मिळते. रेटिंग वाईट होते एवढ्या कारणाने अडवता येत नाही. साडेचार वर्षे झालेल्याने रागाच्या भरात दिलेला राजीनामा मात्र ग्रॅच्युइटीच सोडून देतो.

पुढच्या तारखेपासून लागू होणारा राजीनामा ती तारीख येण्यापूर्वी मागे घेता येतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये गोपालचंद्र मिश्र खटल्यात मान्य केले. तिथे राजीनामा मागे घेणारे गृहस्थ उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. खासगी नोकरीत करारातली अट आडवी येऊ शकते, म्हणून ती वाचलेली बरी.

सरकारी नोकरीत चित्र जवळजवळ उलटे आहे. तिथे बोलण्याची वाट कायद्यानेच उघडी ठेवली आहे. २००८ च्या देवदत्त निकालात सर्वोच्च न्यायालयाने गोपनीय अहवालातली प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे असे ठरवले. त्या प्रकरणातला शेरा तर ‘चांगला’ होता, फक्त बढतीसाठी ‘अतिशय चांगला’ लागत होता. निघून जाणे मात्र तिथे फार महाग पडते. जुन्या निवृत्तिवेतनाच्या, म्हणजे १ नोव्हेंबर २००५ पूर्वी राज्य सेवेत आलेल्या कर्मचाऱ्याने प्रतिकूल शेऱ्यांना कंटाळून राजीनामा दिला तर त्याची आधीची सेवा जप्त होते आणि तिच्याबरोबर पेन्शनही. वीस वर्षे पूर्ण करून त्याने स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज केला तर पेन्शन शाबूत राहते. अर्ज त्याच कार्यालयात, त्याच आस्थापना शाखेकडे जातो. फक्त विषयाची ओळ वेगळी.