दिवाळीत भुतं कुठून आली?

दसरा उलटला की बुलढाणा जिल्ह्यातल्या घाटाखालच्या गावांना श्वास घ्यायला फुरसत नसते. सोयाबीन घरात यायचं असतं किंवा मार्केटात जायचं असतं, कापसाची वेचणी तोंडावर असते. त्यातच पुण्या-मुंबईला नोकरीला असलेली मंडळी सुटीला गावाकडे निघतात. मोताळ्याचा माणूस मलकापूरला रेल्वेतून उतरतो, बुलढाण्याची एसटी धरतो आणि राजूरचा घाट लागायच्या आधीच घरी पोचतो. बॅगेत घरच्यांचे कपडे असतात, मिठाईचा डबा असतो. प्रश्न उरतो तो भाचीचा. ही पोरगी दिवसभर पुस्तकात तोंड खुपसून बसते आणि तिला राक्षस, जादूगार, उडते घोडे, दुसऱ्या ग्रहावरचे प्राणी याखेरीज काही चालत नाही. ड्रेस घ्यावा तर माप चुकतं. पुस्तक न्यावं तर ‘मामा, हे वाचलंय मी,’ हे वाक्य ठरलेलं.

या अडचणीवर मराठीत शंभराहून अधिक वर्षांचा जुना तोडगा आहे, तो म्हणजे दिवाळी अंक. अंक याच साली निघालेला असतो, त्यामुळे तो कुणी आधी वाचलेला असण्याची भीती नाही. ही युक्ती मात्र मूळची इथली नाही. तिची कुळी शोधत गेलं तर वाट लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावरच्या एका चित्रांच्या दुकानात जाते.

दुकान रुडॉल्फ आकरमन यांचं. हे गृहस्थ जन्माने जर्मन, धंदा छापील चित्रांचा आणि रंगसाहित्याचा. जर्मनीत नव्या वर्षाच्या तोंडावर खिशात मावतील अशा पंचांगवजा पुस्तिका निघत. त्यांत कविता, गोष्टी, चित्रं असत. तोच बेत आकरमननी लंडनमध्ये आणला. १८२२च्या नोव्हेंबरात त्यांनी ‘फर्गेट मी नॉट’ नावाचं छोटेखानी पुस्तक बाजारात आणलं आणि त्यावर साल छापलं पुढचं, १८२३चं. नाताळ आणि नवं वर्ष यांच्या भेटीसाठीच ते काढलेलं होतं. आत एक नक्षीदार पान मुद्दाम कोरं सोडलेलं असे; देणाऱ्याने तिथे घेणाऱ्याचं नाव घालायचं. आपल्याकडे ‘सप्रेम भेट’ लिहून खाली सही ठोकतात, त्याचीच छापील सोय. पुस्तकावर साल आलं की गेल्या वर्षीचं पुस्तक शिळं होतं आणि पुन्हा नवं घ्यावं लागतं. आकरमन हे पक्के दुकानदार होते, यात शंका नाही.

मग अशा वार्षिकांची लाटच आली. त्यातलं सर्वांत नखरेल होतं ‘द कीपसेक’. चार्ल्स हीथ या उत्कीर्णनकाराने ते सुरू केलं. बांधणी लाल रेशमी, किंमत एक गिनी. गंभीर लेखकांनी या रेशमी पुस्तकांना नाकं मुरडली खरी, पण मानधन चांगलं होतं, त्यामुळे बरेच जण नाक मुरडतच लिहीत राहिले. १८२९ सालच्या ‘कीपसेक’मध्ये सर वॉल्टर स्कॉटची जुन्या वाड्यातल्या पछाडलेल्या खोलीची गोष्ट आली. ‘फ्रँकेन्स्टाइन’वाली मेरी शेली तर त्यात वर्षानुवर्षं लिहीत होती. तिच्या ‘द मॉर्टल इमॉर्टल’ या कथेचा नायक किमयागाराकडे शिकणारा पोरगा आहे. तो नको ते रसायन पिऊन बसतो आणि तीनशे तेवीस वर्षांचा झाला तरी मरत नाही. ही कथा पहिल्यांदा छापली गेली ती सणाच्या भेटवस्तूत, दिवाणखान्याच्या टेबलावर ठेवायच्या पुस्तकात. अद्भुतकथा आणि सुटीतली भेट यांची सोयरीक ही अशी जुनी आहे.

ती पक्की केली चार्ल्स डिकन्सने. १९ डिसेंबर १८४३ला त्याचं ‘ए ख्रिसमस कॅरल’ आलं आणि नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत पहिल्या आवृत्तीच्या सहा हजार प्रती संपल्या. एका कवडीचुंबक म्हाताऱ्याला रात्रभर भुतं पिडतात आणि सकाळी माणसात आणतात, एवढीच ती गोष्ट. थंडीच्या लांब रात्री शेकोटीशी भुतांच्या गोष्टी सांगायची इंग्रजांची चाल जुनीच होती. डिकन्सने ती छापखान्यात नेली. पुढे तो स्वतः नियतकालिकं चालवू लागला तेव्हा त्यांचे खास नाताळ अंक काढायचा आणि त्यांत भुतांना मानाचं पान असायचं. बाकीच्या मासिकांनीही तेच केलं. हे अंक बोटीने हिंदुस्थानात येत आणि इंग्रजी शिकलेले मराठी लोक ते वाचत.

भुतं उसनी आणायची मराठीला गरज नव्हती. मराठी छपाईच्या पाळण्यातच ती झोपली होती. विल्यम कॅरी यांच्या देखरेखीखाली बंगालातल्या श्रीरामपूरला १८१४मध्ये ‘सिंहासन बत्तिशी’ मोडी लिपीत छापली गेली, म्हणजे बोलणाऱ्या पुतळ्या आल्या. १८३०मध्ये मुंबईत सदाशिव काशिनाथ छत्रे यांची ‘वेताळ पंचविशी’ निघाली, म्हणजे प्रेतात शिरलेला वेताळ आला. १८६१पासून कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतल्या सुरस आणि चमत्कारिक गोष्टी मराठीत आणायला घेतल्या. ते काम पुरं व्हायला पुढे त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांचाही हात लागला. त्याच १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ ही कादंबरी आली, सात वर्षांनी नारो सदाशिव रिसबुडांची ‘मंजुघोषा’. राजपुत्र, राजकन्या, कपटी कारभारी, योगायोगांची रास. वाचक खूश होते.

नंतर हरिभाऊ आपटे आले आणि शहाण्यासुरत्यांची अभिरुची बदलली. घरातल्या विधवेचं दुःख समोर असताना राजकन्येच्या अंतःपुरात काय बघायचं, हा प्रश्न रास्तच होता. तोटा एवढाच झाला की अद्भुत म्हणजे हलकं, असा शिक्का बसला आणि तो आजतागायत पुरता पुसलेला नाही. नाथमाधवांसारखे लेखक तरीही डगमगले नाहीत. द्वारकानाथ माधव पितळे हे त्यांचं खरं नाव. शिकारीच्या नादात सिंहगडावरून कोसळले, कमरेखालचं शरीर लुळं पडलं आणि अंथरुणाला खिळलेल्या या माणसाने १९१३मध्ये ‘वीरधवल’ लिहिली. तीत घोडदौडी, भुयारं, तलवारी सगळं आहे. घरोघर ती चोरून वाचली गेली; अभ्यासाच्या पुस्तकात दडवून वाचायच्या पुस्तकांत तिचा नंबर वरचा.

इंग्रजी नाताळ अंकांची आणि मराठी गोष्टींची, या दोन वाटा एकत्र आल्या त्या ‘मनोरंजन’मुळे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी हे मासिक १८९५मध्ये मुंबईत सुरू केलं. मूळ आडनाव आजगावकर. बंगालीवर जीव जडला म्हणून ‘मित्र’ झाले. इंग्रजी मासिकांच्या नाताळ अंकांच्या धर्तीवर त्यांनी १९०९मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी माणसाच्या फराळाच्या ताटाशेजारी वाचायचं काहीतरी कायमचं येऊन बसलं. बालकवींची ‘आनंदी आनंद गडे’ ही कविता याच अंकातली. इंग्रजी नमुन्यात नाताळ होता तिथे मित्रांनी दिवाळी बसवली, आणि ती चपखल बसली. शाळा-कचेऱ्यांना सुटी, हातात चार पैसे, पाहुण्यांनी भरलेलं घर. नाही म्हणायला दिवाळीत राक्षस आधीपासून होताच. नरकासुराशिवाय चतुर्दशी कसली?

रेल्वे १८६७मध्येच नागपूरला पोचली होती आणि मलकापूर त्याच मार्गावर. मुंबईत छापलेलं पुस्तक वऱ्हाडात यायला त्यामुळे वाट तयार होती. पुढचा प्रवास टपालाचा, आधी धमणीतून आणि नंतर मोटारीतून.

अद्भुताला स्वतःचं घर मिळायला मात्र आणखी काही दशकं जावी लागली. ते बांधलं अनंत अंतरकरांनी. १९४६मध्ये त्यांनी ‘हंस’ काढला, नंतर विनोदासाठी ‘मोहिनी’ आणि गूढ, भीती, साहस, चमत्कार यांच्यासाठी ‘नवल’. तिन्हींची चूल वेगळी ठेवण्यात संपादकाचं शहाणपण होतं. गंभीर कथांच्या अंकात भुताची गोष्ट म्हणजे तोंडीलावणं. इथे तीच मुख्य जेवण होती. अंतरकर १९६६मध्ये गेले, त्यानंतर त्यांचे चिरंजीव आनंद अंतरकर यांनी ही मासिकं चालवली. नारायण धारप, रत्नाकर मतकरी यांच्या पिढीला असे अंक म्हणजे हक्काचं अंगण होतं. धारपांचा समर्थ, म्हणजे अमानवी शक्तींना पुरून उरणारा शांत गृहस्थ, पुढे पुस्तकांतून घरोघर गेला. आज ‘तुंबाड’ सिनेमा बघून ज्यांच्या अंगावर काटा येतो त्यांतल्या कित्येकांना ठाऊक नसतं, की त्यातल्या आजीचं बीज धारपांच्या कथेत आहे.

ही अंक नावाची वस्तू हातात घेऊन बघावी अशीच होती. रघुवीर मुळगावकर फवाऱ्याने रंग उडवून मुखपृष्ठावरच्या बाईच्या गालावर असा काही उजेड पाडायचे की अंक पालथा ठेववत नसे. दीनानाथ दलालांनी तर ‘दीपावली’ नावाचा स्वतःचाच अंक काढला. ‘आवाज’मधली खिडकीचित्रं हा आणखी वेगळा खेळ. वरच्या पानाला चौकोनी भोक. त्यातून खालच्या चित्राचा नको तेवढाच भाग दिसतो, बघणाऱ्याच्या मनात भलतंच येतं आणि पान उलटलं की निघतं अगदी साळसूद दृश्य. वडीलधाऱ्यांसमोर हे पान कसं उलटायचं, हा कित्येक पिढ्यांचा प्रश्न होता. लाल रेशमाच्या ‘कीपसेक’चा हा वंशज जरा वात्रट निघाला म्हणायचा.

विज्ञानकथा मागून आली, पण तीही नियतकालिकांच्याच अंगाने वाढली. मराठी विज्ञान परिषदेने १९७४मध्ये कथास्पर्धा घेतली. तिला ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. बक्षीस मिळालं आणि मग कळलं की हे जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णू नारळीकर. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून त्यांनी नाव बनवलं होतं आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीच्या हाताने लिहवून घेतली होती. जगभर गाजलेला खगोलशास्त्रज्ञ नवख्यासारखा रांगेत उभा राहतो, हे त्या कथेइतकंच नवलाचं. पुढे ‘यक्षांची देणगी’ हा त्यांचा संग्रह आला आणि २०२१च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद विज्ञानकथा लिहिणाऱ्याकडे गेलं. अद्भुतावरचा तो जुना शिक्का निदान तेवढ्यापुरता फिका पडला.

लहान गावांतल्या मुलांना मात्र राक्षस भेटले ते बहुतेक ‘चांदोबा’तून. मद्रासचं हे मासिक १९४७मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालं, १९५२पासून मराठीत येऊ लागलं. खांद्यावर प्रेत घेऊन चाललेला, हातात नंगी तलवार धरलेला विक्रम हे शंकर या चित्रकाराचं चित्र डोळ्यांसमोर न येणारा पन्नाशीपुढचा मराठी वाचक विरळा. छत्र्यांचा वेताळ सव्वाशे वर्षांनी असा पुन्हा गावोगाव फिरला.

आता भाचीकडे वळायला हरकत नाही. निवड करताना पहिली गोष्ट म्हणजे वय. धारप दहा वर्षांच्या पोरीला देऊ नयेत. रात्री अंगणात जायची सोय राहत नाही आणि बोलणी मामाला बसतात. त्या वयाला बालभारतीचं १९७१पासून चालू असलेलं ‘किशोर’ बरं. ते परवडतंही आणि वर्षभर टपालाने येत राहतं, म्हणजे एक भेट बारा वेळा पोचते. जरा मोठी असेल तर बाळ ऊर्ध्वरेषे यांनी मराठीत आणलेला ‘हॅरी पॉटर आणि परीस’ आहे. टॉल्किनचा डोंगर चढायची तयारी असेल तर मुग्धा कर्णिक यांचा ‘स्वामी मुद्रिकांचा’ आहे. कॉलेजात गेलेल्या भाचीला जी. ए. कुलकर्णींचा ‘रमलखुणा’ द्यावा. त्यातल्या ‘प्रवासी’ किंवा ‘इस्किलार’ला कुणी फँटसी म्हणत नाही, हा समीक्षकांचा भिडस्तपणा. वाचणाऱ्या वहिनीसाठी गौरी देशपांडे यांनी बर्टनवरून केलेले ‘अरेबियन नाइट्स’चे सोळा खंड आहेत, पण ते एसटीतून न्यायचे म्हणजे हमाल करावा लागेल. जुन्या पुस्तकवाल्याकडे एखाददुसरा खंड मिळाला तरी पुष्कळ. त्या खंडांतल्या गोष्टी पोरांसमोर मोठ्याने वाचायच्या नाहीत, एवढं पथ्य.

अंकच न्यायचा तर विकत घेण्याआधी अनुक्रमणिका उघडून बघावी. ‘गूढकथा विशेष’ असं मुखपृष्ठावर ठळक छापलेलं असतं आणि आत गूढ दोन पानांचं, बाकी राशिभविष्य आणि सोन्याच्या पेढ्यांच्या जाहिराती, असा प्रकार कमी नाही. अंक दरसाल शेकड्यांनी निघतात. त्यातला बरा निवडायला दुकानात अर्धा तास उभं राहण्याची तयारी हवी. घरात एकाहून जास्त वाचणारी माणसं असतील तर गावातल्या वाचनालयाची दिवाळी अंक योजना चौकशी करण्याजोगी असते. बऱ्याच वाचनालयांत ठरावीक वर्गणी भरली की पुढचे काही महिने एकेक अंक बदलून वाचायला मिळतो. भाचीच्या नावाने ती वर्गणी भरून पावती तिच्या हातात ठेवली तर तीही भेटच झाली. आइसलँडमध्ये १९४४पासून नाताळाआधी नव्या पुस्तकांची यादी निघते आणि लोक त्यातून एकमेकांसाठी पुस्तकं निवडतात, याचं आपल्याकडे मोठं कौतुक होतं. आपली पुस्तकांची दिवाळी त्याहून पस्तीस वर्षांनी जुनी आहे.

बुलढाण्याच्या पोरांना तर आणखी एक सवलत आहे. त्यांच्याच जिल्ह्यात लोणार आहे. लवणासुर नावाचा दैत्य तिथे जमिनीखाली लपला होता आणि विष्णूने त्याला बाहेर काढून मारलं, अशी कथा. त्या विष्णूचं दैत्यसूदन मंदिर गावात उभं आहे. भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात की आकाशातून आलेल्या उल्केने काळ्या बेसॉल्टला सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं भोक पाडलं. राक्षसाची गोष्ट आणि विज्ञानकथा एकाच खड्ड्यात मिळण्याची सोय फार थोड्या जिल्ह्यांत असेल. भाऊबीज आटोपली की राजूरचा घाट चढून बुलढाणा, चिखली, मेहकर करत लोणारला जाता येतं. पिशवीत ‘यक्षांची देणगी’ टाकावी, पाण्याच्या बाटल्या मात्र जास्त घ्याव्यात. विवराच्या तळातून वर चढताना मामांचीच दमछाक होते.