बाईक स्टार्ट होत नाही? गॅरेजला फोन करण्याआधी हे क्रमाने तपासा

मी सोनिवलीत राहतो, म्हणजे बदलापूर पश्चिमेला. आमच्याकडे बाईक ही हौस कमी आणि गरज जास्त. सकाळची ठरलेली लोकल पकडायची तर आधी बाईक चालू झाली पाहिजे. आणि ती रुसते नेमकी पावसाळ्यात, घाईच्या वेळी. मग आपण काय करतो? सेल्फ दाबतो आणि दाबतच राहतो. थोड्या वेळात बॅटरीही उतरते आणि एकाच्या जागी दोन बिघाड होतात.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, मेकॅनिक नाही. पण प्रोग्राम अडकला की आम्ही जे करतो तेच इथेही चालतं. अंदाजाने काहीतरी खोलत बसायचं नाही, एकेक शक्यता क्रमाने बाद करायची. चला तर मग पाहूया.

सगळ्यात आधी: गाडी पाण्यात बुडाली होती का?

उत्तर "हो" असेल तर सेल्फ आणि किक, दोन्हीला हात लावू नका. खालचं बाकी सगळं नंतर.

२७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली होती आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावं लागलं होतं. असं पाणी येतं तेव्हा पार्किंगमधल्या गाड्याही सुटत नाहीत. पाणी एअर फिल्टरमधून किंवा सायलेन्सरमधून इंजिनात शिरू शकतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. आत पाणी असताना इंजिन फिरवलं तर पिस्टन अडतो आणि त्याचा कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. नुसतं पाणी काढून आणि ऑइल बदलून भागलं असतं, तिथे पूर्ण इंजिन खोलायची वेळ येते.

अशा वेळी एवढंच करा:

१. चावी बंद ठेवा.
२. पाणी कुठपर्यंत आलं होतं ते दिसेल असे मोबाईलवर फोटो काढा.
३. विमा कंपनीला कळवा. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीचं नुकसान मिळत नाही. आणि बुडालेली गाडी चालू करून इंजिन बिघडलं, तर तेवढा क्लेम अनेकदा नाकारला जातो.
४. गाडी ढकलत किंवा टेम्पोतून गॅरेजला न्या. इंजिन ऑइल दुधाळ दिसत असेल तर आत पाणी गेलंय हे नक्की.

पायरी १: फुकटातल्या चार गोष्टी

* किल स्विच: हँडलवरचा लाल स्विच. गर्दीच्या पार्किंगमध्ये कुणाचा तरी हात लागून तो बंद होतो. काही गाड्यांत तो बंद असला तरी इंजिन फिरतं, फक्त पकडत नाही. म्हणून तो लक्षात येत नाही.
* साइड स्टँड: अनेक नव्या गाड्या स्टँड खाली असताना चालू होत नाहीत. स्टँडजवळच्या सेन्सरला चिखल लागला असेल तर पुसून बघा.
* न्यूट्रल आणि क्लच: न्यूट्रलचा हिरवा दिवा बघा, क्लच पूर्ण दाबा.
* पेट्रोल: काट्यावर विसंबू नका. झाकण उघडून गाडी हलवा. आत बघायला मोबाईलचा टॉर्च चालेल, लायटर नाही.

पायरी २: आवाज ऐका

आता सेल्फ एकदाच दाबा, जास्तीत जास्त पाच सेकंद. पुन्हा दाबण्याआधी दहा-पंधरा सेकंद थांबा.

* मीटरच लागत नाही: बॅटरी पूर्ण उतरलीय, तिचं टर्मिनल सैल आहे किंवा मेन फ्यूज उडालाय.
* मीटर लागतो, पण सेल्फचा आवाजच नाही: पायरी १ पुन्हा करा. मग सेल्फचा स्विच किंवा रिले.
* नुसतं टिक-टिक-टिक: बॅटरी कमजोर. सेल्फ दाबताच मीटरचा दिवा मंद होतो का बघा.
* इंजिन जोरात फिरतं, पण पकडत नाही: बॅटरी ठीक आहे. पेट्रोल, स्पार्क किंवा हवा यांपैकी काहीतरी पोहोचत नाही.

पायरी ३: बॅटरी आणि फ्यूज

चावी बंद करून सीट किंवा साइड पॅनल काढा. काहीही सोडवण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा, परत जोडताना चूक होत नाही. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर असेल तर साफ करून स्क्रू घट्ट करा.

मल्टीमीटर असेल तर मोजा. भरलेली १२ व्होल्टची बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली असेल तर चार्जिंग हवं.

फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा टाका. बहुतेक गाड्यांत डबीतच एक जादा असतो. चांदी किंवा तार गुंडाळू नका. वायरिंग पेटू शकतं.

पायरी ४: इंजिन फिरतं, पण पकडत नाही

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक बाईकमध्ये कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. तुमची गाडी कोणती, यावर पुढचं ठरतं.

फ्युएल इंजेक्शन: चावी फिरवल्यावर टाकीजवळ दोन-तीन सेकंद "ज्झूं" असा आवाज येतो. तो पेट्रोल पंपाचा. आवाज नसेल तर पंप, त्याचा फ्यूज किंवा किल स्विच बघा. इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकत असेल तर व्हिडिओ काढून मेकॅनिकला पाठवा. काही गाड्यांत तो किती वेळा लुकलुकतो यावरून बिघाड ओळखतात.

कार्ब्युरेटर: पेट्रोलचा कॉक चालू आहे ना बघा. थंड इंजिनाला चोक द्या. पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी ओव्हरफ्लो झालीय. चोक बंद करा, थोडं थांबा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून किक मारा.

दोन्हींत प्लगची कॅप ओली किंवा सैल नाही ना, तेही बघा. पुसून घट्ट बसवा.

नेहमीचे प्रश्न

*धक्का मारून चालू होईल का?*
गिअरची बाईक, हो. चावी चालू, दुसरा गिअर, क्लच दाबून ढकला आणि वेग आला की क्लच सोडा. पण बॅटरी पूर्ण उतरली असेल तर इंजेक्शनची गाडी सहसा दाद देत नाही, कारण पंपालाही वीज लागते. गिअरलेस स्कूटर धक्क्याने चालू होत नाही.

*पावसात उभी राहिली की पेट्रोल खराब होतं?*
टाकीच्या झाकणातून पाणी गेलं तर होतं. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की दोन्ही वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि पंप तिथूनच ओढतो. टाकी रिकामी करणं हाच उपाय.

*मग मेकॅनिकला कधी बोलवायचं?*
चारही पायऱ्या झाल्या आणि तरी गाडी गप्प असेल तेव्हा. फोनवर "गाडी चालू होत नाही" एवढंच सांगू नका. "सेल्फ फिरतोय, पंपाचा आवाज येत नाही" असं सांगा, म्हणजे तो लागणारं सामान घेऊनच येईल.

पार्किंगमध्ये पाणी शिरतं अशा ठिकाणी कुणी मित्र राहत असेल, तर त्याला निदान पहिला भाग पावसाआधी पाठवून ठेवा.